सिमसाठी आधारच का? मर्जी नक्की कोणाची?

रानवारा:
आईला नवीन सिम घ्यायचं होतं, मतदान ओळखपत्र पुढे केलं तर दुकानदार म्हणे हे चालत नाही, आधार नंबर सांगा आणि अंगठा ठेवा. का चालत नाही? सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँक खातं आणि मोबाईल आधारला जोडायची सक्ती काढून टाकली. मग २०१९ ला सरकारने कायदा दुरुस्त करून दोन्हीकडे आधार परत आणलं, पण ग्राहकाच्या मर्जीने! पासपोर्ट किंवा दुसरा मान्य कागद चालतो, आधार नाही म्हणून सिम नाकारता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय त्यात.

काउंटरपलीकडून:
मी बँकेत आहे. मतदान कार्डावर आडनाव वेगळं, पत्ता जुना, फोटोत माणूस ओळखू येत नाही, असे कागद रोज येतात आणि मग ग्राहक आमच्यावरच चिडतो. आधारने तेच काम पटकन होतं. ज्या मजुराकडे ना लाइट बिल ना भाडेकरार, त्याचं खातं आधारमुळेच उघडलं, त्याचाही विचार करा की.

रानवारा:
त्याला आधारने करायचंय तर करू दे ना, कोण अडवतंय! पण दुसरा कागद चालतो हे ग्राहकाला आधी सांगणं तुमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, ते किती जण सांगतात?

शिकेकाई:
सिमचं सोडा, लॉजवाले आणि सोसायटीवाले पूर्ण आधारची झेरॉक्स घेऊन फायलीत कोंबतात त्याचं काय. मी मास्क्ड आधार देते, शेवटचे चारच आकडे दिसतात, तरी गेटवरचा माणूस हुज्जत घालतो.

काउंटरपलीकडून:
मग तक्रार करा. नियम मोडणाऱ्या संस्थेला १ कोटीपर्यंत दंड आहे, २०१९ च्याच दुरुस्तीत.

रानवारा:
दंड आहे हो, पण त्याची चौकशी आधार प्राधिकरणाने स्वतः तक्रार केली तरच सुरू होते. आईला चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे थेट जाताच येत नाही. दारातून परत पाठवलं तिला आणि तक्रार करणार दिल्लीतलं ऑफिस? ज्याला सिम नाकारलं त्याला स्वतः तक्रार करता आली पाहिजे, एवढं एक कलम बदला, मग बघा दुकानदार मतदान कार्ड घेतो की नाही.