सांस्कृतिक संस्था एकत्र येतात, म्हणजे नेमकं काय करतात?

शब्दवेडी: जर्मनीची ग्योटे इन्स्टिट्यूट, फ्रान्सची इन्स्तित्यू फ्रांसे, स्पेनची सेर्व्हांतेस... सगळे आपापली भाषा शिकवणारे, म्हणजे खरं तर एकमेकांचे स्पर्धक. मग 'युनिक'च्या छत्राखाली एकत्र का येतात? पोस्टरवरचे लोगो वाढवायला? आतून कुणी पाहिलंय का?

फायलीतला माणूस: एका शहरात या गटाचं समन्वयाचं काम केलंय, म्हणून लिहितो. युनिक हे युरोपातल्या राष्ट्रीय सांस्कृतिक संस्थांचं 2006 पासूनचं जाळं, कार्यालय ब्रसेल्सला. एका ठिकाणी किमान तीन सदस्य जमले की 'क्लस्टर', म्हणजे तिथला स्थानिक गट होतो. अध्यक्षपद आळीपाळीने.

लोगोचा टोमणा अगदीच खोटा नाही. पण खरी डोकेदुखी पैशांची. आमच्या क्लस्टरचं बँक खातंच नव्हतं. एकाचं आर्थिक वर्ष संपत आलेलं, दुसऱ्याचं बजेट अजून मंजूर व्हायचंय, तिसऱ्याला प्रत्येक खर्चाला तीन कोटेशनं हवीत. शेवटी हॉलचं भाडं एकाने, पाहुण्यांचा प्रवास दुसऱ्याने, छपाई तिसऱ्याने, अशी वाटणी व्हायची.

चित्रपट महोत्सवात मात्र एकीचा उपयोग दिसला. प्रत्येक देशाचा एक सिनेमा, सोबत बहुतेक वेळा इंग्रजी सबटायटल्स. स्थानिक भाषेतली आम्ही एकाच अनुवादक चमूकडून करून घेतली, प्रत्येक ओळीची वेळ जुळवून. एकेकट्याने केलं असतं तर निम्म्या संस्थांनी इंग्रजीवरच भागवलं असतं. पाच देशांच्या पाच भाषणांचा उद्घाटन सोहळा हे सहकार्य नव्हे, ते वेळापत्रक.

तिरकस: गोड बोलू नका हो. 2023 मध्ये ग्योटेने फ्रान्समधली बोर्दो, लिल आणि इटलीतली तोरिनो, जेनोआ अशी केंद्रं बंद करायचं जाहीर केलं. एकत्र येणं म्हणजे काटकसरच!

फायलीतला माणूस: काटकसर आहेच, नाकारत नाही. पण पॅलेस्टाइनमधल्या रामल्लात फ्रेंच-जर्मन सांस्कृतिक केंद्र 2004 पासून एकाच छताखाली आहे. इटलीतल्या पालेर्मोत ग्योटे आणि इन्स्तित्यू फ्रांसे जुन्या फर्निचर कारखान्याच्या आवारात शेजारी-शेजारी. तिसऱ्या, म्हणजे या दोघांबाहेरच्या देशांतल्या अशा संयुक्त उपक्रमांसाठी फ्रान्स-जर्मनीचा निधी 2003 पासूनचा, दोघांच्या मैत्रीच्या एलिझे कराराच्या चाळिसाव्या वर्षीचा. तेव्हा या केंद्रबंदीचा विषयही नव्हता.

शब्दवेडी: आणि छोट्या देशांचं काय? मोठ्यांच्या सावलीत हरवत असतील.

फायलीतला माणूस: उलट, खरा फायदा त्यांचाच. अनेक ठिकाणी त्यांचं वेगळं केंद्र नसतं; दूतावासातला एकच अधिकारी बाकीची कामं सांभाळून संस्कृतीही बघतो. बैठकीला तोच सर्वांत आधी यायचा. हॉल आणि प्रेक्षक आयते मिळायचे, त्याने फक्त आपला कवी आणायचा.