मदत हवी: ॲक्सोलॉटलचे कंट्रोल तुकडेच न्यूरल होतायत!

पेशीवेडी: ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा सॅलॅमँडर) भ्रूणाची ॲनिमल कॅप, म्हणजे वरच्या टोकाचा पेशींचा थर, कापून वाढवते आहे. कंट्रोलला काहीच लावलेलं नाही, त्यांची नुसती त्वचा व्हायला हवी. पण निम्म्याहून जास्त तुकड्यांत सॉक्स2 (न्यूरल, म्हणजे मज्जासंस्थेच्या पेशींची खूण) ठसठशीत येतोय. नॉगिन (न्यूरल करणारं प्रथिन) लावलेले आणि न लावलेले, फरकच उरला नाही! पुढच्या आठवड्यात गाईडना डेटा दाखवायचाय. लवकर सांगा प्लीज.

गाळणी: कुठल्या स्टेजला कापता? द्रावण कोणतं? पीएच? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

रानवारा: उशिरा कापत असाल. मेसोडर्म (भ्रूणाचा मधला थर) आत सरकत कॅपखाली पोचलं की न्यूरल होणारच. ब्रॅक्युरी (मेसोडर्मची खूण) बघा.

पेशीवेडी: स्टेज 10. होल्टफ्रेटर द्रावण (उभयचर भ्रूणांसाठीचं क्षारद्रावण). ब्रॅक्युरी निगेटिव्ह आहे, तेवढं बघितलंय.

सुलभा_झू: कोंबडीची अंडी का नाही घेत? 33 तासांचं भ्रूण, खिडकी पाडली की न्यूरल ट्यूब समोर. आम्ही एम.एस्सी.ला तेच केलं.

पेशीवेडी: ताई, माझा प्रश्न कोंबडीचा नाहीये.

गाळणी: पीएच राहिलाच.

जुना_जीवशास्त्री: हे दुखणं जुनं आहे. 1924 मध्ये स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांचा ऑर्गनायझरचा (शेजारच्या पेशींना न्यूरल व्हायला लावणारा भ्रूणाचा तुकडा) प्रयोग आला. मग लोकांना दिसलं की मेलेला ऑर्गनायझरसुद्धा चालतो. 1941 मध्ये बार्थ यांनी दाखवलं की अँबिस्टोमाचं (ॲक्सोलॉटल याच वंशातला) एक्टोडर्म (बाहेरचा थर, तुमची कॅप त्याचीच) नुसत्या क्षारद्रावणातही न्यूरल होतं. ट्रायटुरस (न्यूट) त्या मानाने चिवट. कापताना कॅल्शियम नसलेलं द्रावण वापरता का?

पेशीवेडी: हो, सुटायला सोपं जावं म्हणून थोडा वेळ बुडवते. प्रोटोकॉलमध्येच आहे.

जुना_जीवशास्त्री: तिथेच पाणी मुरतंय. कॅल्शियम काढलं की पेशींचे सांधे ढिले होतात आणि त्यांनी सोडलेलं बीएमपी (त्वचा व्हायचा इशारा देणारं प्रथिन) बाहेर विरून जातं. बीएमपी नसलं की एक्टोडर्म मज्जासंस्थेकडेच वळतं. नॉगिन तरी वेगळं काय करतो? बीएमपीलाच अडवतो. फरक दिसणार कसा?

रानवारा: सर, इतकं सरळ नाही. फ्रान्समधल्या तुलूजच्या गटाने प्ल्युरोडेलीस न्यूटवर दाखवलंय, पेशीत कॅल्शियम शिरणं हाच न्यूरल होण्याचा इशारा असतो. बुडवून परत नेहमीच्या द्रावणात टाकलं की तसंच काही होत असेल.

जुना_जीवशास्त्री: असेलही. पण बीएमपीचा भाग तपासता येतो. बुडवलेल्या काही कॅपना बीएमपी4 (बीएमपीचाच एक प्रकार) द्या. सॉक्स2 गेला तर मी म्हणतो ते. राहिला तर तुमचं बघू.

चांदणे: हिल्डे मँगोल्ड 1924 मध्येच भाजून गेल्या. 1935 चं नोबेल एकट्या स्पेमानना. फार वाईट वाटतं.

मत्स्यप्रेमी: ॲक्सोलॉटल घरी पाळायचाय. पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी किती थंड लागेल?

गाळणी: 16 ते 18 अंश, म्हणजे चिलर लागेल. वेगळा धागा काढा.

पेशीवेडी: बीएमपी4 किती घालू? आणि न बुडवता कापलं तर कॅप फाटतात, त्याचं काय?

जुना_जीवशास्त्री: चिमटा बाजूला ठेवा. भुवईच्या केसाची सुई आणि केसाचा फास करा, केसाचा फास स्पेमानही वापरत. एक बॅच न बुडवता कापा, तीच तुमची खरी कंट्रोल. बीएमपी4 त्यानंतर. आणि गाळणी केव्हापासून विचारतायत तो पीएच मोजून इथे लिहा.