मदत हवी आहे: आईचा लिंकचा इंग्लिश क्लास बंद झाला, कॅनडात ओंटारियोत दुसरा काय पर्याय?

नमस्कार मंडळी,

आई पेरेंट स्पॉन्सरशिपवर पीआर (कायमची रहिवासी) होऊन आमच्याकडे आली तेव्हाच तिला लिंकला घातलं होतं, म्हणजे नवीन आलेल्यांसाठी सरकारी खर्चाने जे फुकट इंग्लिश क्लास असतात ते. असेसमेंटमध्ये सीएलबी २ आली (सीएलबी म्हणजे इंग्लिशची पातळी मोजायची इथली पट्टी, २ म्हणजे अगदी सुरुवातीची). आधी "या वयात कसली शाळा" म्हणून कुरकुर आणि मग अशी रमली की विचारू नका, फार्मसीत स्वतः बोलते, बसने एकटी जाते, क्लासमधल्या सीरियन बाईशी तासभर फोनवर गप्पा (कुठल्या भाषेत ते देव जाणे).

आता सेंटरवाले म्हणतात फेडरल फंडिंग कमी झालं, ही जागा बंद करतोय, दुसऱ्या सेंटरच्या वेटिंग लिस्टवर नाव टाकतो. ते सेंटर दोन बस बदलून जायचं, बर्फात तिला कसं पाठवू? ऑनलाइन दाखवलं तर ती म्हणते मला माणसं हवीत.

शिवाय सासूबाई सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुदतीसाठी येऊन राहता येतं तो व्हिसा) आल्यात, त्यांनाही जायचं होतं तर काउंटरवरूनच नाही म्हणाले. एकाच घरातल्या दोघी, एकीला चालतं एकीला नाही, असं का? आणि नवऱ्याचं म्हणणं आहे की आईची तीन वर्षं भरत आलीत तर सिटिझनशिपचं बघूया, मग असली झंझटच नको. बरोबर आहे का ते?

घारुअण्णा_कॅनडाकर
ताई, नवऱ्याला जरा थांबवा! उलटं आहे ते. लिंकला पैसे देतं फेडरल इमिग्रेशन खातं आणि त्यांच्या नियमात पीआर आणि प्रोटेक्टेड पर्सन (निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेले) बसतात, सिटिझन झालं की त्या पैशातल्या क्लासला बसता येत नाही. क्लास हाच मुद्दा असेल तर घाई कशाला. भाषेची अट १८ ते ५४ वयालाच आहे, त्यामुळे आई त्यापुढच्या असतील तर त्यांना सिटिझनशिपसाठी सर्टिफिकेट लागणारच नाही, त्या आवडीने जातायत तर जाऊ देत. सुपर व्हिसा म्हणजे एका वेळी पाच वर्षं राहता आलं तरी कागदावर व्हिजिटरच, म्हणून सासूबाईंना नाही. स्टुडंट आणि वर्क परमिटवाल्यांचंही तेच रडगाणं.

तिरपागडे
फंडिंग का घटलं कुणी सांगेल का? टॅक्स तर कमी झालेला दिसत नाही :)

स्नोबूट
मी याच फील्डमध्ये आहे म्हणून थोडं लांबण लावते. सेटलमेंटचं, म्हणजे नवीन आलेल्यांना इथे स्थिरावायला मदत करायचं, काम सरकार स्वतः करत नाही, संस्थांशी करार करून त्यांना पैसे देतं, क्वेबेक सोडून, त्यांचा १९९१ पासून वेगळा करार आहे, फेडरलकडून रक्कम घेतात आणि कार्यक्रम स्वतःचे चालवतात. आता २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने पीआरचं टार्गेट खाली आणलं, २०२५ साठी आधी ५ लाख ठरलेले ते ३ लाख ९५ हजार केले. माणसं कमी तर सेटलमेंटचा पैसाही कमी असा हिशोब. पण गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी आलेली माणसं कुठे गेली? ती अजून वेटिंग लिस्टवरच आहेत ना. त्यात संस्थांचे मोठे करार ३१ मार्च २०२५ ला संपले आणि नवीन करारात कुणाचे कमी झाले, कुणाचे गेलेच. टीचर लोकांच्या नोकऱ्या गेल्या ते वेगळंच.

तुमच्यासाठी कामाचं म्हणजे क्लास शोधताना "पैसे कोण देतं" हे आधी विचारा. ओंटारियोत स्कूल बोर्डांचे अ‍ॅडल्ट ईएसएल (मोठ्यांना इंग्लिश शिकवायचे) क्लास असतात, ते प्रांताच्या पैशावर चालतात आणि त्यात सिटिझनही बसतात, असायलम क्लेम केलेलेही (आश्रय मागितलेले). आईंचं तिथे नक्की होईल. एकाच इमारतीत एक वर्ग फेडरल आणि शेजारचा प्रांताचा असंही असतं, काउंटरवरचा माणूस आपणहून सांगेलच असं नाही. व्हिजिटर असेल तर बऱ्याच ठिकाणी फी पडते, आधी विचारून घ्या. आणि आईंच्या असेसमेंटचा कागद जपून ठेवा, नवीन ठिकाणी मागतील.

धागाकर्ती
बापरे, सिटिझनशिपचं माहीतच नव्हतं, नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. बोर्डाच्या ऑफिसला सोमवारी फोन करते. सासूबाईंसाठी फी भरायची तयारी आहे पण त्या "पैसे देऊन कसलं शिकायचं" म्हणतात, त्यांना फुकटचं काही आहे का?

घारुअण्णा_कॅनडाकर
पब्लिक लायब्ररीतले कॉन्व्हर्सेशन सर्कल बघा. व्हॉलंटियर चालवत असतील तिथे बहुतेक स्टेटस विचारत नाहीत. अभ्यास असा नसतो, नुसतं बोलायचं, पण दोघींना एकत्र जाता येईल.

स्नोबूट
+१. फक्त ते सर्कलही एखाद्या सेटलमेंट संस्थेचं असेल तर पीआर कार्ड मागतील, म्हणून लायब्ररीच्या डेस्कवर विचारूनच सासूबाईंना न्या, दारातून परत यायला नको. आणि त्या लांबच्या सेंटरच्या वेटिंग लिस्टवरून आईंचं नाव काढू नका. करारांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्या सुमारास वर्ग इकडचे तिकडे होतात, जवळ कुठे जागा निघू शकते.