टेस्ट एकटी चालवली की पास, पूर्ण सुइटमध्ये नापास: कॉन्फिग नेमकं कुठे अडकतंय?

प्रश्न
पायथनचं वेब-फ्रेमवर्क जँगो आणि टेस्ट चालवणारं पायटेस्ट वापरतोय. पेमेंट मॉड्यूलच्या वरच्या ओळींत टाइमआउट ओएस.एन्व्हिरॉनमधून (प्रोसेसची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) एकदाच वाचलाय, मूळ किंमत ३० सेकंद. टेस्ट फंक्शनच्या आत आधी ओएस.एन्व्हिरॉनमध्ये १ टाकतो, मग मॉड्यूल इम्पोर्ट करतो. ही टेस्ट एकटी चालवली तर पास होते, सगळ्यांबरोबर चालवली की ३० च मिळतात. एक्सडिस्टने (टेस्ट समांतर चालवणारं प्लगइन) ४ वर्करवर चालवलं की भलत्याच टेस्ट पडतात. शिवाय एका फ्लॅगला (चालू-बंद सेटिंग) एन्व्हायर्नमेंटमधून 'फॉल्स' देऊनही तो चालूच राहतो.

उत्तर १
पायथन एका प्रोसेसमध्ये मॉड्यूल एकदाच चालवतं. पूर्ण सुइटमध्ये आधीच्या कुठल्यातरी टेस्टने ते इम्पोर्ट केलेलं असतं, त्यामुळे तुमचा १ उशिरा पोहोचतो. एन्व्हायर्नमेंट फक्त सेटिंग्ज फाइलमध्ये वाचा आणि टाइमआउट लागेल तिथे, फंक्शनच्या आत, सेटिंग्जमधून घ्या. मग पायटेस्ट-जँगोच्या सेटिंग्ज फिक्स्चरने (टेस्टला तयार मिळणारी मदतवस्तू) किंमत बदला, टेस्ट संपली की ती आपोआप पूर्ववत होते.

हीच चूक आणखी दोन ठिकाणी लपते. फंक्शनच्या डीफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये सेटिंग लिहिली तर तिची किंमत फंक्शन तयार होतानाच गोठते. आणि सेटिंग्ज देणाऱ्या फंक्शनवर एलआरयू-कॅश (आधीचं उत्तर लक्षात ठेवणारा डेकोरेटर) असेल तर टेस्टच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कॅश-क्लिअर करा. नंतरचं विसरलं तर पुढची टेस्ट पडते आणि दोष तिच्यावर येतो.

उत्तर २
एक्सडिस्टचं कारण वेगळं आहे. वर्कर स्वतंत्र प्रोसेस असतात, एन्व्हायर्नमेंट एकमेकांत मिसळत नाही. पण टेस्टची वाटणी आणि क्रम बदलतो, म्हणून ओएस.एन्व्हिरॉनमध्ये थेट लिहून मागे सोडलेली किंमत दरवेळी वेगळ्याच टेस्टला बाधते. त्याऐवजी पायटेस्टच्या मंकीपॅच फिक्स्चरचं सेटएन्व्ह वापरा, टेस्ट संपली की ते बदल मागे घेतं. क्रम मुद्दाम विस्कटून पाहायला पायटेस्ट-रँडमली लावा, सीड (क्रम ठरवणारा आकडा) छापलं जातं, तेच देऊन तोच क्रम परत मिळतो.

फ्लॅगचं सोपं आहे: एन्व्हायर्नमेंटमधून नेहमी स्ट्रिंग येते आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच धरली जाते. लहान अक्षरांत करून 'ट्रू' किंवा '१' शी ताडा. अनोळखी किंमत आली तर सरळ एरर द्या, गप्प डीफॉल्ट नको.

सेटिंग्ज फाइल कोणती लागतेय हेही तपासा. शेलमध्ये जँगो-सेटिंग्ज-मॉड्यूल (कोणती सेटिंग्ज फाइल घ्यायची ते सांगणारं व्हेरिएबल) एक्स्पोर्ट केलेलं असेल तर ते पायटेस्टच्या आयएनआय (कॉन्फिग) फाइलला मागे टाकतं. दोघांवर मात करतो तो कमांडवर दिलेला डीएस पर्याय, म्हणून सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) तोच द्या. टेस्टच्या सेटिंग्जमध्ये डॉट-एन्व्ह फाइल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहून ठेवलेली लोकल फाइल) वाचूच नका. नाहीतर लोकलला ती फाइल उणीव झाकते आणि सीआयमध्ये तेच व्हेरिएबल सापडत नाही.

प्रश्नकर्ता
टाइमआउट आणि फ्लॅग दोन्ही सुटले. पण ब्राउझर टेस्टमध्ये सेटिंग्ज फिक्स्चरचा काहीच परिणाम दिसत नाही.

उत्तर ३
सर्व्हर वेगळ्या कमांडने सुरू करत असाल तर ती वेगळी प्रोसेस आहे, टेस्टमधला बदल तिथे जाणारच नाही. जँगोचा लाइव्ह-सर्व्हर (टेस्टसाठी आपोआप सुरू होणारा सर्व्हर) टेस्टच्याच प्रोसेसमध्ये, वेगळ्या थ्रेडवर चालतो, तिथे बदल लागू होतो. वेगळाच सर्व्हर हवा असेल तर टाइमआउटसारख्या किमती तो सुरू करतानाच द्या, आणि टेस्टगणिक बदलणारे फ्लॅग डेटाबेसमध्ये त्या टेस्टच्या युजरवर ठेवा.