पन्नाशी आणि कळसूबाई

पन्नाशीच्या वाढदिवशी, म्हणजे ऐन जुलैत, कळसूबाई चढण्याचा आणि तोवर नकाशावाचन शिकण्याचा आपला संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. मात्र १६४६ मीटर उंचीच्या या शिखराच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत आणि पावसात त्यांच्या पायऱ्या चिखलाने निसरड्या होतात. गेल्या खेपेस माझा बूट तिसऱ्याच पायरीवरून सटकला, तेव्हा कठडा घट्ट धरला होता म्हणूनच निभावले. त्यामुळे चढाई डिसेंबरवर ढकलावी आणि पायथ्याच्या बारी गावातून पहाटेच निघावे, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. नकाशावाचन आजच सुरू करावे: समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटतात तिथे चढ उभा असतो, हे सिंहगडाच्या पायवाटेवर, नकाशा हातात धरून, दर वळणावर थांबत पडताळून पाहता येईल.