एंटरप्राइझ आवृत्ती ओपन सोर्स झाली, मग सपोर्ट करार पुढे चालू ठेवायचा का?

नोड_तीन
आमच्याकडे एक रिपोर्टिंग सर्व्हर आहे. तीन नोड (एकत्र चालणारी यंत्रं), मागे पोस्टग्रेस डेटाबेस, लॉगिन एलडॅपमधून, म्हणजे कंपनीतल्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीतून. एलडॅप ग्रुप-सिंक (तिथले गट आपोआप इथे आणणं), ऑडिट लॉग (कोणी काय केलं याची नोंद) आणि क्लस्टरिंग (तिन्ही नोड एकत्र चालवणं) एवढ्यासाठीच एंटरप्राइझ परवाना घेतलेला आहे. आता कंपनीने जाहीर केलंय की पुढच्या मेजर आवृत्तीपासून सगळं मोफत आणि ओपन सोर्स. आमचा करार चार महिन्यांत संपतोय आणि वरून एकच प्रश्न येतोय, "फुकट झालंय तर पैसे कशाला?" उत्तर देण्याआधी नेमकं काय काय तपासून घ्यावं?

परवाना_आधी
"पुढच्या मेजर आवृत्तीपासून" हे शब्द पुन्हा वाचा. आज चालतेय ती आवृत्ती जुन्या करारातच राहणार. तुमचा परवाना मुदतीचा असेल तर करार संपताच ती चालवायचा हक्कही संपतो. म्हणजे सोडायचं ठरलं तर चार महिन्यांत अपग्रेड पूर्ण झालेलं हवं, नुसतं सुरू करून भागणार नाही.

मग रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवलेली जागा, उघडा. सर्वांत वरची लायसन्स फाइल वाचून थांबू नका, प्रत्येक उपडिरेक्टरीत वेगळी फाइल आहे का ते शोधा. गिटलॅब या कोड सांभाळायच्या सॉफ्टवेअरचा बराचसा कोड एमआयटी या खुल्या परवान्याखाली आहे, पण 'ईई' (एंटरप्राइझ) डिरेक्टरीचा परवाना वेगळा. तुमच्या तिन्ही सुविधांचा कोड नेमका कुठे आहे ते बघा. साधं एलडॅप लॉगिन बहुतेक वेळा उघडं असतं. मागे राहतात ते ग्रुप-सिंक आणि ऑडिट लॉग.

अपाची 2.0, एमआयटी, जीपीएल, एजीपीएल यांपैकी एखादा खुला परवाना असेल तर ठीक. एसएसपीएल किंवा बीएसएल हे वापरावर बंधनं घालणारे परवाने दिसले तर कोड दिसतो, पण खरा ओपन सोर्स नाही असं समजा. ओपन सोर्स परवाने मंजूर करणाऱ्या ओएसआय या संस्थेच्या यादीत हे दोन्ही नाहीत. बीएसएलमधली प्रत्येक आवृत्ती जास्तीत जास्त चार वर्षांनी खुल्या परवान्याखाली जाते. तोवर प्रॉडक्शनमध्ये काय चालेल हे 'अतिरिक्त वापर' कलमावर ठरतं.

एजीपीएलला मात्र कायदा विभाग उगाच घाबरतो. कलम 13 लागतं ते तुम्ही कोड बदललात आणि नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात तर. तेव्हा त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स द्यावा लागतो. जसाच्या तसा चालवलात तर हे कलम आड येत नाही.

बिल्ड_लाल
सोर्स मिळाला म्हणून पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार सॉफ्टवेअर, मिळेलच असं नाही. शेफ या सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने एप्रिल 2019 मध्ये सगळा कोड अपाची 2.0 खाली आणला, पण स्वतः बांधलेल्या बायनरींचा (चालवायला तयार फाइल्सचा) व्यावसायिक वापर सशुल्क ठेवला. त्यातूनच सिंक (Cinc) हे समुदायाचं वितरण उभं राहिलं. तेव्हा सही केलेली पॅकेजेस सार्वजनिक भांडारात येणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

नसतील तर स्वतः बांधून बघावं लागेल. कोरा कंटेनर (आधीचं काही नसलेलं वेगळं वातावरण) घ्या, रिलीजचा टॅग (त्या आवृत्तीची खूण) चेकआउट करा (मुख्य शाखा नको) आणि रीडमीत लिहिलंय तेवढंच करा. पहिला बिल्ड (कोड बांधणं) बहुधा डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) ओढताना पडतो, कारण कॉन्फिगमध्ये कंपनीच्या अंतर्गत रजिस्ट्रीचा (लायब्ररींच्या साठ्याचा) पत्ता तसाच राहिलेला असतो. त्यातली एखादी लायब्ररी बाहेर कुठेच प्रकाशित नसेल तर तिथे गाडी अडलीच.

दुसरी अडचण काढून टाकलेल्या भागांची. ज्यांचे हक्क कंपनीकडे नाहीत ते भाग उघडता येत नाहीत. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने 31 मार्च 1998 ला सोर्स दिला तेव्हा दुसऱ्यांचे हक्क असलेले भाग आणि अमेरिकी निर्यात नियमांमुळे क्रिप्टोग्राफीचा (एन्क्रिप्शनचा) कोड त्यातून काढावा लागला होता. रिपोर्टिंग सर्व्हरमध्ये संशयित ठरलेले: चार्ट काढणारी लायब्ररी, पीडीएफ एक्सपोर्ट, फॉन्ट, डेटाबेस ड्रायव्हर. बिल्ड हिरवा (यशस्वी) होतो आणि पीडीएफमधली देवनागरी चौकोनी डब्यांत येते, असले प्रकार इथेच होतात. तुमचे सर्वांत जास्त वापरातले दहा-पंधरा रिपोर्ट जुन्या आणि नव्या सर्व्हरवरून काढून शेजारी ठेवून बघा.

मायग्रेशनची (जुना डेटा नव्या आवृत्तीत नेण्याची) चाचणी प्रॉडक्शनच्या बॅकअपवरच करा. एकदा स्कीमा (डेटाबेसची रचना) पुढे गेला की जुनी बायनरी त्यावर चालेलच असं नाही, त्यामुळे मागे फिरायचं तर बॅकअपच लागतो. डेटाबेससोबत एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची फाइलही घ्या. ती बहुधा डेटाबेसच्या बाहेर असते. गिटलॅबच्या नेहमीच्या बॅकअपमध्येसुद्धा सीक्रेट्स फाइल येत नाही. ती विसरली तर रिस्टोअर यशस्वी दिसतो आणि डेटासोर्सचे साठवलेले पासवर्ड मात्र उघडत नाहीत.

नोड_तीन
रिपॉझिटरी पाहिली. अपाची 2.0 आहे, वेगळी डिरेक्टरी नाही. पण इतिहासात एकच कमिट (बदलाची नोंद) आहे, "प्रारंभिक आयात". एवढ्या जुन्या उत्पादनाला एकच कमिट, हे खटकण्यासारखं आहे का?

पोर्ट_3050
त्यात वावगं काही नाही. जुन्या इतिहासात पासवर्ड, ग्राहकांची नावं, दुसऱ्यांचा कोड असं बरंच पडलेलं असतं. फिल्टर-रेपो या साधनाने ते वेचत बसण्यापेक्षा इतिहास कापणं स्वस्त पडतं. तोटा एवढाच की एखादी विचित्र ओळ का लिहिली हे ब्लेमवरून (कुठली ओळ कुठल्या बदलात आली ते दाखवणारी सोय) कळत नाही. त्यापुढचं बघा: रोज छोटे कमिट येतायत की प्रत्येक रिलीजला एक मोठा गठ्ठा? गठ्ठा येत असेल तर खरं काम अजून आतच चाललंय आणि बाहेरचा पॅच घ्यायची सोयही बहुधा नावापुरतीच असेल.

खटकायला हवं ते दुसरंच. इंटरबेस 6.0 या डेटाबेसचा सोर्स जुलै 2000 मध्ये उघडला. जानेवारी 2001 मध्ये सर्ट या सुरक्षा इशारे देणाऱ्या संस्थेची सूचना निघाली: कोडमध्येच कोरलेलं एक खातं, युजर 'पोलिटिकली', पासवर्ड 'करेक्ट', आणि नेटवर्कवरून त्याच्या पोर्ट 3050 पर्यंत पोचणाऱ्या कुणालाही डेटाबेसचा पूर्ण ताबा. हे खातं 4 आणि 5 या बंद मालिकांमध्येही होतं. कोड उघडला म्हणूनच सापडलं, हे चांगलंच. पण जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांचं गुपितही त्याच दिवशी जगजाहीर झालं.

तुमची सध्याची आवृत्ती याच परिस्थितीत आहे. नमुना कॉन्फिगमध्ये टोकन सही करायची डीफॉल्ट किल्ली, टीएलएसची (कनेक्शन एन्क्रिप्ट करण्याची) खासगी किल्ली किंवा क्लस्टर नोडमधलं सामायिक गुपित दिलेलं असेल तर ते आता सगळ्यांना दिसतंय. तुमच्या तिन्ही नोडवर तेच मूल्य आहे का बघा आणि असेल तर आजच बदला. अपग्रेडची वाट बघू नका.

परवाना_आधी
एकच कमिट ठीक, पण कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलही (बाहेरच्यांनी कोड कसा द्यायचा याचे नियम) वाचा. सीएलए, म्हणजे दिलेल्या कोडचे व्यापक हक्क कंपनीला देणारा करार, मागत असतील तर पुढची आवृत्ती पुन्हा बंद करणं कंपनीला सोपं जातं. टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं साधन ऑगस्ट 2023 मध्ये बीएसएलकडे गेलं तेव्हा ओपनटोफू हा फोर्क (कोडची वेगळी वाढवलेली प्रत) फुटला, रेडिस या डेटाबेसचा परवाना मार्च 2024 मध्ये बदलला तेव्हा त्याच्या 7.2.4 आवृत्तीवरून वाल्की. दिलेला परवाना त्या आवृत्तीपुरता टिकतो, पण फोर्क सांभाळायला माणसं लागतात.

बिल्ड_लाल
माझं मत, एक वर्ष करार वाढवा, पण खालच्या श्रेणीत. ओपन सोर्स परवान्यात हमी नसते आणि करारातलं पेटंट-कॉपीराइट दाव्यांपासूनचं संरक्षणही जातं.

पोर्ट_3050
सरसकट नको. पॅकेजेस सार्वजनिक असतील, सुरक्षा पॅच सगळ्यांना एकाच दिवशी मिळणार असतील आणि अपग्रेड मुदतीत बसत असेल, तर कराराच्या पैशांत पॅच लावणाऱ्या माणसाचा वेळ घ्या. पॅच आधी ग्राहकांना आणि काही आठवड्यांनी रिपॉझिटरीत, असं धोरण निघालं तर मात्र करार ठेवा. हा एक मुद्दा विक्रीवाल्याला फोनवर न विचारता मेलवर विचारा.