रिमॅपनंतर क्लच स्लिप: ड्युअल मास ठेवू की सिंगल मास बसवू? (लॉरा १.८ टीएसआय, नागपूर)

संत्रानगरी_टर्बो
नमस्कार मंडळी. गाडी लॉरा १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, ९४,००० किमी, क्लच कंपनीतून आला तोच. मूळ टॉर्क (फिरवण्याची ताकद) २५० एनएम; रिमॅपनंतर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलल्यावर, ट्यूनरच्या कागदावर ३५० आहे. तेव्हापासून चौथ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमला पूर्ण पाय दिला की आरपीएमचा काटा उडी मारून ३,२०० वर जातो, वेग मात्र तिथल्या तिथेच. हळू चालवली तर काहीच त्रास नाही.

समोर तीन पर्याय आहेत. एक, आहे तेच ड्युअल मास फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं दोन भागांचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) लेथवर घासून घ्यायचं आणि फक्त कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) टाकायची. दोन, नवीन ड्युअल मास आणि जास्त दाबाचा क्लच. तीन, हलकं सिंगल मास (एकसंध फ्लायव्हील) आणि सहा पकची, म्हणजे अस्तराऐवजी सहा सुटे तुकडे असलेली, सिरॅमिक प्लेट, ज्याला विकणारे ‘स्टेज ३’ म्हणतात. रोजचा प्रवास सीताबर्डी ते बुटीबोरी, महिन्यातून एकदा समृद्धी. काय बसवावं?

हिंगणा_गिअरबॉक्स
भाऊ, स्लिप फक्त टॉर्कच्या शिखरावर होतेय, म्हणजे क्लच प्लेटवरचा दाब कमी पडतोय हे जवळजवळ नक्की. तरी पार्ट मागवायच्या आधी गाडी वर घेऊन बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) खालच्या जोडावर तेलाची ओल आहे का ते बघा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर नवी प्लेटही तेल पिऊन घसरायला लागेल.

‘स्टेज’ हा शब्द डोक्यातून काढा, तो प्रत्येक विक्रेत्याचा वेगळा असतो. हिशेब असा करा: टॉर्क = घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या × २ (प्लेटच्या दोन बाजू). समजा प्लेटचं अस्तर बाहेरून २४० मिमी, आतून १६० मिमी. सरासरी त्रिज्या ०.१ मीटर. ऑरगॅनिक (नेहमीच्या, सिरॅमिक नसलेल्या) अस्तराचा घर्षणांक ०.३ आणि दाब ६,००० न्यूटन धरला तर क्षमता ३६० एनएम येते. ३५० ला पुरेल असं वाटतं, पण अस्तर तापून घर्षणांक ०.२५ वर उतरला की उरतात ३००. मे महिन्यात ४५ अंशांत व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर हाफ क्लचवर गाडी रांगवल्यावर हाच आकडा खरा. दाब ७,५०० न्यूटन असेल तर गरम अवस्थेतही ३७५ मिळतात. म्हणून विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: प्रेशर प्लेटचा दाब किती न्यूटन आणि प्लेटचं अस्तर कशाचं. उत्तर देता येत नसेल तर तो किट घेऊ नका.

दाब वाढला की पेडलही त्या प्रमाणात जड होतं, आणि तो जोर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारी चकती) जातो. सिग्नलला पेडल दाबून बसू नका, न्यूट्रल करा.

लेथ_आणि_लायनर
फ्लायव्हीलचं मी सांगतो. पहिला पर्याय बाद करा. ड्युअल मास म्हणजे दोन वजनं, मध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा. लेथवर फक्त वरचा पृष्ठभाग साफ होतो. आतल्या स्प्रिंगा आणि बुश जेवढे झिजले तेवढे झिजलेलेच राहतात. शिवाय पृष्ठभाग जेवढा खाली जातो तेवढी क्लचची सगळी मापं सरकतात. ९४,००० किमीचं फ्लायव्हील हाताने दोन्ही दिशांना फिरवून मोकळी चाल किती आणि कडेला दाबून डुगडुग किती ते बघा, आणि त्याच पार्ट नंबरच्या मर्यादेशी ताडून पाहा. नजरेने ‘ठीक वाटतंय’ म्हणू नका.

आता जुळणीचा मुख्य मुद्दा, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात. ड्युअल मासमध्ये झटके फ्लायव्हील शोषतं, म्हणून त्याच्यासोबतची क्लच प्लेट बहुधा बिनस्प्रिंगची असते. सिंगल मासमध्ये ते काम प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांना करावं लागतं. जुनी बिनस्प्रिंगची प्लेट सिंगल मासवर बसवली तर आयडलला गिअरबॉक्स डब्यात खडे टाकल्यासारखा वाजेल आणि इनपुट शाफ्टवर थेट धक्के बसतील. फ्लायव्हील बदललं की प्लेट आणि प्रेशर प्लेट त्याच्याच जोडीची घ्यायची. अर्धी इकडची, अर्धी तिकडची चालत नाही.

प्रेशर प्लेटच्या बोटांची उंचीही तपासा. बोटं रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबलं की बोटांना ढकलणारं बेअरिंग) फार जवळ आली तर पेडल सोडूनही दाब पूर्ण बसत नाही, क्लच घसरतच राहतो. फार लांब गेली तर स्लेव्ह सिलिंडरचा (त्या बेअरिंगला तेलाच्या दाबाने ढकलणारा) पिस्टन मर्यादेबाहेर जाऊन सील फुटतं, किंवा क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकरतो. जुन्या आणि नव्या जोडीची उंची बाहेर काढूनच मोजा. गिअरबॉक्स चढवल्यावर कळलं तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा.

संत्रानगरी_टर्बो
म्हणजे दुसरा की तिसरा? आणि मेकॅनिकला नेमकं काय सांगू?

लेथ_आणि_लायनर
तुमच्या वापराला दुसरा. सिरॅमिक पक एकदम पकडतात. बर्डीच्या गर्दीत गाडी प्रत्येक वेळी सुटताना थरथरेल आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खाल्ला जाईल. हलकं फ्लायव्हील आरपीएम पटकन चढवतं हे खरं, पण एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल तेवढंच पटकन खाली बसतं. नागपुरात वर्षातले किती महिने एसी बंद असतो? नवीन ड्युअल मास, वाढीव दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक अस्तराची प्लेट घ्या.

ट्यूनरला मात्र एक सांगाच: १,५०० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतू नको, २,२०० च्या आसपास हळूहळू चढव. सहाव्या गिअरमध्ये १,४०० ला पाय दाबून गाडी ओढणं हा ड्युअल मास मारण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे.

हिंगणा_गिअरबॉक्स
मेकॅनिकसाठी. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच, कारण ते एकदाच ताणायचे असतात. ६० एनएम आणि वर ९० अंश, आडवे-समोरासमोर कसत. ड्युअल आणि सिंगल मासच्या बोल्टची लांबी वेगळी असते. लांब बोल्ट पातळ फ्लायव्हीलमध्ये टाकला तर तो तळाला टेकतो, फ्लायव्हील सैल राहतं आणि रिंच मात्र टॉर्क पूर्ण दाखवतो. मागचं ऑइल सील, रिलीज बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर याच वेळी बदला, गिअरबॉक्स एरवी उतरतच नाही.

नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर, जिथे प्लेट सरकते) ग्रीस अगदी पातळ थर, प्लेट आत-बाहेर सरकवून जास्तीचं पुसून टाका. उरलेलं फिरताना थेट अस्तरावर उडतं. प्लेटवर गिअरबॉक्सची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसली तर हब (प्लेटचा मधला भाग) फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. अलाइनमेंट टूलशिवाय प्लेट मध्यावर आणू नका, आणि गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका, बिनस्प्रिंगच्या प्लेटचा हब त्यानेच वाकतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक फेरा देत समोरासमोर कसायचे. ती सेल्फ अॅडजस्टिंग (झीज आपोआप भरून काढणाऱ्या) प्रकारची असेल तर तिचं खास टूल लागतं, नाहीतर आतली रिंग बसवतानाच पुढे सरकते.

शेवटी डॉट ४ भरून क्लचची हवा काढा. पहिले ५०० ते ८०० किमी शहरातच, वारंवार थांबत-सुटत, पूर्ण पाय न देता. समृद्धी त्यानंतर.